बॉयलरच्या गावातलं कॉफीचं यंत्र

कॅफेतलं एस्प्रेसो यंत्र बाहेरून बघितलं तर क्रोमचा झगमगाट, वर गरम ठेवलेले कप, दोन्ही बाजूंना वाफेच्या वाकड्या नळ्या आणि पुढे काळ्या मुठीचे दांडे, एवढंच दिसतं. वरची जाळी आणि बाजूचे पत्रे काढले की खरं यंत्र समोर येतं. मधोमध आडवा तांब्याचा बॉयलर, टोकाला बोल्टांनी आवळलेली पितळी फ्लँज, तिच्यातून आत गेलेला हीटर, डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह, शेजारी पाण्याची पातळी राखणारा प्रोब, प्रेशर स्विच, गेज आणि तळाला ड्रेन कॉक. पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये नोकरी केलेल्या माणसाला या यंत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. आकार लहान आहे, मांडणी तीच आहे.

जुनं एस्प्रेसो यंत्र घरी आणून पुन्हा चालू करायचं असेल, तर पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, असं माझं मत आहे. कॉफीच्या परंपरेमुळे नव्हे. इथे राज्य चहाचं आहे. कंपनीच्या गेटसमोर टपरी, चौकाचौकात अमृततुल्य, आणि शॉप फ्लोअरवर बटण दाबलं की कागदी कपात पडणारी प्रीमिक्सची कॉफी. पण या यंत्राच्या पोटात जी वाफ आहे, ती या गावाला चांगली ठाऊक आहे. कासारवाडीत हमरस्त्याला लागून फोर्ब्स मार्शल आहे. वाफ वाहून नेणं, मोजणं, वाया जाऊ न देणं हाच तिचा धंदा, आणि तिचा दुसरा कारखाना चाकणला. चिंचवडला थरमॅक्स आहे. ही कंपनी १९६६ साली बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीच्या सहकार्याने ‘वॅन्सन इंडिया’ म्हणून सुरू झाली, लहान बॉयलर बनवत मोठी झाली आणि १९८० मध्ये तिचं नाव थरमॅक्स झालं. आज तिच्या नावाचा चौकच आहे आणि रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. पिंपरीला १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. पेनिसिलिनचा कारखाना वाफेने केलेल्या निर्जंतुकीकरणाशिवाय एक पाळीही चालू शकत नाही. इतक्या वर्षांत या गावात वाफेचे जाणकार किती तयार झाले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. ते निवृत्त होऊन निगडी-प्राधिकरणात, यमुनानगरात, भोसरीत राहतात आणि विचारलं तर मनापासून सांगतात.

यंत्राचा जन्म मात्र इटलीतला. तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये वाफेवर झटपट कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेका कपासाठी वेगळी कॉफी काढणारी रचना बसवली आणि देझिदेरिओ पावोनी यांनी ते हक्क घेऊन यंत्रं बाजारात आणली. ही सगळी यंत्रं वाफेच्याच दाबाने पाणी कॉफीतून ढकलत. त्यात मेख अशी की दाब हवा तर तापमान वाढवावं लागतं, आणि तापमान वाढलं की कॉफी करपट, कडू होते. बॉयलरमध्ये दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात. एकाला हात लावला की दुसरं हलतं. ही गाठ सोडवायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. आकिले गाजिया यांनी १९३८ मध्ये पहिलं पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांड्याचं यंत्र आणलं. दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग आवळली जाते, सोडला की ती पिस्टन रेटते आणि पाणी वाफेच्या कितीतरी पट दाबाने कॉफीतून जातं. कपावर तपकिरी साय दिसू लागली ती तेव्हापासून.

पुढची झेप फाएमा कंपनीची. १९६१ साली एर्नेस्तो व्हालेंते यांच्या या कंपनीने ‘ई ६१’ हे मॉडेल काढलं. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं. नावातला ‘ई’ त्या ग्रहणाचा. माणसाच्या हाताची आणि स्प्रिंगची जागा विजेच्या पंपाने घेतली. जुनी यंत्रं घरी दुरुस्त करणाऱ्यांना ई ६१ धर्तीचं यंत्र इतकं आवडतं याचं कारण त्याची रचना. आमच्या घरी आलेलं दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायच्या दोन तोंडांचं, यंत्रही त्याच घराण्यातलं, एका बंद पडलेल्या कॅफेतून निघालेलं.

त्याचं काम समजून घ्यायचं तर पाण्याच्या दोन वाटा डोळ्यांसमोर आणाव्यात. बॉयलरमध्ये साधारण दहा-बारा लिटरची जागा असते, ती पाण्याने निम्म्याहून थोडी अधिक भरलेली, वर वाफ. दाब एक ते सव्वा किलो. आपल्याकडे शॉप फ्लोअरवर दाब किलोतच बोलतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा. घरातल्या कुकरची शिटीसुद्धा एक किलोच्या आसपासच उडते. या दाबाला पाण्याचं तापमान १२० अंशांच्या वर असतं. हे पाणी कॉफीसाठी नसतंच. ते दूध तापवायच्या वाफेसाठी आणि दुसऱ्या वाटेला उष्णता देण्यासाठी. ती दुसरी वाट म्हणजे बॉयलरच्या पोटातून आरपार गेलेली तांब्याची नळी. नळातून ताजं पाणी येतं, पंप त्याला नऊ किलोला नेतो, ते नळीतून जाता जाता तापतं आणि ग्रुपमधून कॉफीवर पडतं ते नव्वद ते शहाण्णव अंशांच्या दरम्यान. नऊ किलोचा दाब पंपाचा, उष्णता बॉयलरची. गाजियाने स्प्रिंगने जी गाठ सोडवली, तीच इथे नळीने सोडवली.

आणि ग्रुप! चारेक किलो वजनाचा हा पितळी गोळा यंत्राच्या तोंडावर उघडाच लोंबतो. त्याला दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक वरून, एक खालून. गरम पाणी हलकं होऊन वरच्या नळीने ग्रुपमध्ये येतं, तिथे थोडं निवतं, जड होऊन खालच्या नळीने परत जातं. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, फिरतं राहतं. यंत्र चालू करून अर्ध्या-पाऊण तासाने ग्रुपला हात लावला तर चटका बसतो, इतका तो पुरता तापलेला असतो. थरमॅक्स किंवा फोर्ब्स मार्शलमध्ये काम केलेल्या माणसाला हे नैसर्गिक अभिसरण दाखवलं की त्याचा चेहरा खुलतो. मी ते पाहिलं आहे.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे क्षार, आणि त्याचा संबंध थेट आपल्या नळाशी. महापालिकेचं पवनेचं पाणी तसं मऊ. पण वाकड, मोशी, चऱ्होली अशा भराभर वाढलेल्या भागांत कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेलं पाणी जड असतं. बादलीच्या काठावर, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच बॉयलरमध्ये बसतो, फक्त कितीतरी वेगाने, कारण तिथे पाणी सतत उकळतं आणि वाफ निघून गेली तरी क्षार मागेच राहतात. फ्लँजचे बोल्ट काढून हीटर ओढला तेव्हा तो सरळ बाहेर आलाच नाही. कॉइलच्या वेटोळ्यांमध्ये क्षार दगडासारखा घट्ट बसला होता. लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत तो मोकळा केला, तेव्हा खपल्या पडल्या: बाहेरून पिवळट, मोडल्यावर आत एकावर एक थर. ज्या थराखाली हीटरची नळी पाण्याला भेटतच नाही, तिथे ती आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस फुटते. कॅफेवाले ‘हीटर उडाला’ म्हणतात. बहुतेक वेळा तो क्षारानेच उडवलेला असतो.

क्षार काढायला लिंबूसत्त्व पुरतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. कोमट पाण्यात लिटरला पन्नासेक ग्रॅम टाकून सुटे भाग बुडवून ठेवले की बुडबुडे यायला लागतात, आणि बुडबुडे थांबले की पाणी बदलायचं. घाईने फरशी धुवायचं ॲसिड वापरू नये. ते क्षार झटकन खातं हे खरं, पण पितळेतलं जस्तही खातं. असा भाग गुलाबी पडतो, वरून स्वच्छ दिसतो आणि आटे आवळताना चुरतो. सायट्रिकमध्येही पितळ रात्रभर विसरून ठेवू नये. हा सगळा उद्योग बाल्कनीत, हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून करायचा. यंत्र फार जुनं असेल आणि बॉयलरवर पांढरट दोराचं किंवा पुठ्ठ्यासारखं आवरण असेल, तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला घरात हात लावू नये, ओरबाडू तर अजिबात नये. ते काम माहीतगाराकडेच द्यावं.

ग्रुपच्या आत पितळेचा एक छोटा जेट असतो, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक भोकाचा. पाणी कॉफीवर एकदम आदळू नये, आधी हळू भिजवावं, हे काम त्याचं. तो चोक झाला की ग्रुप मेला असं वाटतं आणि लोक पंप बदलतात. जेट काढून उजेडासमोर धरावा. पलीकडचा उजेड टिपक्याएवढा दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुन्हा सायट्रिकमध्ये टाकावा, मऊ तारेने मोकळा करावा. ड्रिल लावून भोक मोठं करायचा मोह आवरावा, कारण त्या भोकाचा आकार म्हणजे त्या यंत्राचा स्वभाव आहे.

मग येतात सुटे भाग. या टप्प्यावर या पट्ट्याची खरी किंमत कळते. इटालियन यंत्रातल्या पाइपांचे आटे बीएसपी मापाचे असतात, तेच माप आपल्या प्लंबिंगमध्ये चालतं. पाव इंची, तीन अष्टमांश इंची नट, निपल, एल्बो भोसरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पॉलिश केलेली फेरूलची जोडणी तुटली तर लेथवर नवी काढून मिळते. ओ-रिंगा मापाने मिळतात. फक्त खाण्याच्या पदार्थाला चालणारी ईपीडीएम किंवा सिलिकॉनची आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारून घ्यावं. तेलाच्या कामाची काळी नायट्राइल ओ-रिंग स्वस्त असते, पण गरम पाण्यात आणि वाफेत ती टिकत नाही. ग्रुपचं मोठं गास्केट ई ६१ ला साडेआठ मिलिमीटर जाडीचं लागतं. जुनं गास्केट इतकं कडक होऊन बसलेलं असतं की त्यात एक स्क्रू फिरवून पकडीने ओढून काढावं लागतं, आणि खालची खोबण खरवडून पुरती साफ केल्याशिवाय नवं नीट बसत नाही.

वाफेच्या नळाची स्पिंडल झिजली होती. ती घेऊन मी भोसरीच्या एका जॉब शॉपमध्ये गेलो. दिवस कामाचा होता, लेथवर कुठल्याशा ट्रॅक्टरच्या पिना चालू होत्या. टर्नरने स्पिंडल हातात घेतली, व्हर्निअर लावला, टोकाच्या कोनावर नख फिरवलं.

“काय आहे हे दादा?”

“कॉफी मशीनचा वाफेचा नळ.”

“मग एसएसमध्ये करू, पितळ परत झिजेल. वायसर कशाचा बसतो खाली?”

“टेफ्लॉनचा.”

“मग टोक एवढं धारदार नको. कापून टाकेल त्याला.”

त्याने एस्प्रेसो कधी प्यायली नव्हती, तरी त्या नळाचं दुखणं त्याने माझ्याआधी ओळखलं. या भागात असे लेथ गल्लीबोळात आहेत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीत प्लॉट पडू लागले. टेल्को आली, बजाज आली, एसकेएफ आली. मोठ्या कारखान्यांना लागणारे लहान भाग करायला लहान वर्कशॉप उभे राहिले, आणि मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या टर्नर-फिटरांनी आणखी वर्कशॉप काढले. गुरुवारी सुट्टी, खंडेनवमीला लेथला हार आणि हळद-कुंकू, बाकी वर्षभर काम. मोठ्या कंपनीला हजारोंच्या संख्येत माल लागतो, पण एकच नग करून देण्याची तयारी याच लहान वर्कशॉपांकडे आहे. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला नेमका एकच नग हवा असतो.

बजाजचं नाव निघालंच आहे तर सांगतो. इटलीच्या युद्धोत्तर यंत्रांपैकी एकाशी आकुर्डीचं नातं जुनं आहे. व्हेस्पा १९४६ सालची, गाजियाचं दांड्याचं यंत्र तिच्यानंतर दोनेक वर्षांतलं. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. पत्र्याच्या मोनोकॉक बॉडीची ती इटालियन रचना या गावातल्या किती हातांनी उघडली आणि जोडली असेल! दोन्ही यंत्रांमागचा विचार एकच वाटतो: साध्या माणसाला परवडावं, रोज चालावं, आणि बिघडलं तर साध्या पान्याने खोलता यावं. आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं तरी चेतक खोलून जोडणारे गॅरेजवाले अजून आहेत. आता विजेवरची चेतक आली आहे, पण तिच्यात पान्याने सुटेल असं फारसं काही उरलेलं नाही. एस्प्रेसो यंत्रांचंही तेच होतंय. नव्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, टचस्क्रीन असतो. कार्ड गेलं आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं की तांबं, पितळ, पंप सगळं धडधाकट असूनही यंत्र बाद. जुन्या यंत्राच्या प्रेशर स्विचमध्ये एक पडदा, एक स्प्रिंग आणि दोन काँटॅक्ट असतात. दाब वाढला की पडदा फुगतो आणि हीटर बंद होतो, उतरला की पुन्हा लागतो. वर एक स्क्रू, तो फिरवला की दाब कमी-जास्त. हे नादुरुस्त व्हायला फार वर्षं लागतात आणि दुरुस्त व्हायला एक दुपार.

विजेचं काम मात्र ज्याला येतं त्यानेच करावं. व्यावसायिक यंत्राचा हीटर तीन-चार किलोवॉटचा, कधी तीन फेजसाठी जोडलेला. घरच्या सिंगल फेजवर आणायचा तर जोडणी बदलावी लागते, आणि तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर. स्वयंपाकघरातल्या साध्या प्लगचं ते काम नव्हे. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या हीटरमध्ये ओल शिरलेली असते. तो जोडण्याआधी मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर, तपासावा. पाणी, वाफ, धातूचं अंग आणि वीज एकाच पेटीत आहेत हे काम करताना एक क्षणही विसरू नये.

कायद्याचंही सांगायला हवं. कारखान्याच्या बॉयलरला नोंदणी, वार्षिक तपासणी, परवानाधारक अटेंडंट लागतो. आपल्या बॉयलर कायद्यात पंचवीस लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर धरलेलं नाही. घरातलं एस्प्रेसो यंत्र त्यातून सुटतं. कोणी इन्स्पेक्टर येणार नाही, कोणी प्रमाणपत्र मागणार नाही. म्हणूनच ती तपासणी आपण स्वतःवर बंधनकारक करून घ्यायची. इथे मला आमच्या वसाहतीतल्या एका काकांची मदत झाली. आयुष्यभर बॉयलर अटेंडंट म्हणून काम केलेले. मी बॉयलर हवेच्या कॉम्प्रेसरने तपासू म्हणालो, तर ते खुर्चीतून उठलेच.

“अरे, हवेने कधीच नाही. पाण्याने. हायड्रो करायचा.”

“का काका? पटकन होईल की.”

“फुटलं तर? पाणी दाबलं जात नाही. चीर पडली की दोन थेंब गळतात आणि दाब शून्यावर. हवा दाबून बसलेली असते, ती सुटली की तुकडे घेऊन जाते.”

बॉयलर पूर्ण पाण्याने भरला, हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, हातपंप लावला आणि कामाच्या दाबाच्या दीडपट नेऊन अर्धा तास ठेवला. काटा हलतो का हे काका चष्मा लावून बघत बसले. गेज आधीच कॅलिब्रेशन करून आणलं होतं, कारण ज्या काट्यावर विश्वास ठेवायचा तो खरा आहे हे आधी कळलं पाहिजे. एका जोडणीपाशी ओल दिसली. खूण केली, दाब उतरवला, जोडणी खोलून सिल्व्हर ब्रेझिंग करून घेतलं, पुन्हा पंप मारला. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र दुरुस्त करायचा नाही, स्प्रिंग ताणून ‘थोडा घट्ट’ तर कधीच करायचा नाही. नवा, त्याच दाबाचा, त्याच क्षमतेचा घ्यायचा. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते. ती जागा तिला शांतपणे देण्याचं काम त्या एका व्हॉल्व्हवर असतं.

ही वाफ आपल्याकडे कॉफीच्या निमित्ताने आधीच येऊन गेली आहे, ती लग्नाच्या हॉलमध्ये. माझ्या पिढीच्या मराठी घरांतल्या बहुतेकांना एस्प्रेसो पहिल्यांदा भेटली ती रिसेप्शनला, आइस्क्रीमच्या शेजारच्या टेबलावर. स्टीलचा उभा बॉयलर, एक गेज, एक नळी. पोऱ्या ग्लासात इन्स्टंट कॉफी आणि साखर घोटून ठेवायचा, दूध ओतायचा, नळी आत बुडवून व्हॉल्व्ह उघडायचा. घर्र आवाज, फेस वर, त्यावर चॉकलेटची पावडर. त्यात ग्रुप नव्हता, पंप नव्हता, दळलेली कॉफी नव्हती. ती फक्त वाफेने फुगवलेली गोड दुधाची कॉफी होती आणि अतिशय छान लागायची. अशी यंत्रं आपल्याच फॅब्रिकेटरांनी बनवली आणि आजही ती लग्नांत दिसतात. इटालियन यंत्राच्या वाफेच्या नळीखाली दुधाचं भांडं धरताना त्या रिसेप्शनची आठवण येणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. दूध तापवण्याची कला तीच: आधी टोक पृष्ठभागाजवळ ठेवून हवा आत घ्यायची, मग आत बुडवून भोवरा करायचा, भांडं हाताला सोसेनासं झालं की थांबायचं.

कॉफीच्या बियांचाही प्रवास उलटा-सुलटा आहे. इटली भारतीय कॉफीच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे, आणि आपल्याकडे पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचा वाटा मोठा. इटालियन मिश्रणात साय जाड यावी म्हणून रोबस्टा घालतात, म्हणजे कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यातला माल तिकडच्या कपात बरीच वर्षं आहे. घरच्या यंत्रावर ताजी भाजलेली अरेबिका आणि थोडी चांगली धुतलेली रोबस्टा असं मिश्रण वापरून पाहावं. सात ग्रॅमच्या एकेरी चाळणीत पंचवीस-तीस सेकंदांत पंचवीस-तीस मिलिलिटर, हे जुनं इटालियन माप धरून सुरुवात करावी. पहिला घोट घेण्याआधी आठ-दहा भांडी गरम पाणी ग्रुपमधून फुकट जाऊ द्यावं. नव्या ओ-रिंगांचा आणि सायट्रिकचा वास त्यात निघून जातो.

यंत्राचे बाहेरचे पत्रे चाकणला करून घेतले. जुने बाजूचे पत्रे गंजून चाळण झाले होते. खराबवाडी, म्हाळुंगे, कुरुळी या भागात लेझर कटिंगवाले आणि पावडर कोटिंगवाले बरेच आहेत, गाड्यांच्या कारखान्यांसाठी रात्रंदिवस चालणारे. तिथे एकाने कोपऱ्यात पडलेल्या स्टीलच्या तुकड्यातून माझे दोन पत्रे कापून दिले आणि दुसऱ्याने त्याच्या कुठल्याशा ब्रॅकेटच्या खेपेबरोबर भाजून दिले. रंग त्या दिवशी त्याच्या गनमध्ये जो होता तो: गडद राखाडी. तो यंत्राला शोभतो.

आता राहतो प्रश्न यंत्र मिळवायचा. २०२० च्या टाळेबंदीनंतर कॅफे बंद पडले, काहींनी यंत्रं बदलली, आणि जुनी यंत्रं शेवटी जिथे सगळं जातं तिथे गेली. आपल्याकडे ते ठिकाण म्हणजे चिखलीजवळची कुदळवाडी. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो पत्र्याची बांधकामं पाडली आणि भंगाराचा धंदा पांगला, पण तो संपलेला नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतोच. भंगारवाल्याच्या लेखी एस्प्रेसो यंत्र म्हणजे तांबं, पितळ आणि स्टील, तिन्हींचा भाव वेगळा, म्हणून तो पहिल्यांदा कटर उचलतो. बॉयलर अर्ध्यात कापला गेला की मग कितीही कुशल तांबट आणला तरी ते यंत्र गेलं. म्हणून ज्यांना हवं आहे त्यांनी आपला फोन नंबर आधीच दोन-तीन गोदामांत देऊन ठेवावा, भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त देऊ म्हणावं, आणि एवढंच सांगावं की कॉफीचं मशीन आलं तर कापू नका, फ्लँजचे बोल्टही खोलू नका, आहे तसं उभं ठेवा, मी टेम्पो घेऊन येतो.